परखड खेळाडूवरचा माहितीपट: मैदान, भूमिका आणि व्यसनमुक्ती कशी मांडावी

या विषयाला हात घातला की गोष्ट आपोआप एका साच्यात जाऊन बसते. खेळाडू वर चढला, उघड बोलला म्हणून एकटा पडला, एकटा पडला म्हणून प्यायला लागला, मग सावरला आणि शेवटी टाळ्या. साचा बघायला सोपा आहे, पण तो क्वचितच खरा असतो. दारू किंवा गोळ्या अनेकदा भूमिका घेण्याच्या कितीतरी आधी, दुखापतीच्या नाहीतर संघाबरोबरच्या प्रवासाच्या काळात सुरू झालेल्या असतात. काही जण तर व्यसनात असतानाच सगळ्यात ठाम बोललेले असतात. शिवाय या साच्याने त्या माणसाच्या डोक्यावर ‘आता बरा राहूनच दाखव’ असं ओझं बसतं. म्हणून पहिलं काम साचा मोडण्याचं, आणि ते कॅमेरा काढण्याआधी कागदावर करायचं असतं.

आधी कालपट

एक तक्ता घ्या. रकाने पाच: तारीख, मैदान, सार्वजनिक भूमिका, व्यसन आणि उपचार, आणि शेवटी ‘हे कशावरून कळलं’. शेवटचा रकाना रिकामा असलेली ओळ चित्रपटात जात नाही, एवढा एकच नियम पाळा. तारखा शक्यतो दिवसापर्यंत, नाहीतर महिन्यापर्यंत नेमक्या हव्यात. ‘त्या सुमारास’ हा शब्द दिसला की समजा, तिथे कोणीतरी नसलेला कार्यकारणभाव जोडतंय.

मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांचंच घ्या. त्यांनी लष्करभरती २८ एप्रिल १९६७ रोजी नाकारली आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली २८ जून १९७१ रोजी. न्यायालयाने सोडल्यावर ते रिंगमध्ये परतले, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात अटलांटात जेरी क्वारींशी त्यांची लढत झाली २६ ऑक्टोबर १९७० ला, आणि जो फ्रेझर यांच्याशी ८ मार्च १९७१ ला. म्हणजे खटला डोक्यावर असतानाच ते परतले होते. तक्त्यात चार ओळी एकाखाली एक लिहिल्या की ही चूक होऊच शकत नाही, आणि खरी गोष्ट सांगोवांगीपेक्षा जास्त ताणाची निघते.

व्यसनाच्या वर्षांचा रकाना भरताना खेळाडूच्या आठवणीवर फार विसंबू नका. तो खोटं बोलेल म्हणून नव्हे. जास्त दारूने येणाऱ्या ‘ब्लॅकआउट’मध्ये आठवण दडपली जात नाही, ती मेंदूत तयारच होत नाही. नंतर माणूस इतरांनी सांगितलेलं ऐकून ती पोकळी भरतो आणि काही वर्षांनी ते त्याला स्वतःचंच वाटू लागतं. त्यामुळे सामन्यांचे धावफलक, संघाच्या प्रवासाच्या नोंदी, फोटोंवरच्या तारखा, जुने मेसेज, न्यायालयाची कागदपत्रं या सगळ्यांशी ताळा घ्या. जुळलं नाही तर विसंगती पुसू नका. ‘मला हे असं आठवतं, पण भाऊ वेगळं सांगतो’ हे वाक्य पडद्यावर फार प्रामाणिक वाटतं.

संमती एकदाच घ्यायची नसते

नुकत्याच व्यसनमुक्ती केंद्रातून आलेल्या माणसाचं चित्रीकरण सुरू करू नये. कायदा तारीख सांगत नाही, पण साधारण वर्षभराची स्थिरता हा शहाणा ठोकताळा आहे. सुरुवातीच्या महिन्यांत माणूस उत्साहाच्या भरात जे सांगतो, त्याचा नंतर पश्चात्ताप होण्याची शक्यता मोठी असते. ‘मी तयार आहे का?’ हा प्रश्न खेळाडूने स्वतः आपल्या समुपदेशकाला विचारावा. तुम्ही समुपदेशकाला फोन करून माहिती काढू नका. उपचारांची गोपनीयता मोडण्याचा तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे. अमेरिकेत तर व्यसनोपचाराच्या नोंदींना सामान्य वैद्यकीय नोंदींपेक्षा वेगळं, जास्त कडक कायदेशीर संरक्षण आहे. त्या हव्याच असतील तर रुग्णाच्या लेखी परवानगीने, आणि त्यात नेमकी कोणती नोंद, कशासाठी, कोणाला, हे लिहून.

संमतिपत्रात निदान एवढं स्पष्ट हवं: चित्रीकरण कधीही थांबवण्याचा हक्क, आधीच बाजूला ठेवलेले विषय, रफ कट (चित्रपटाचं पहिलं कच्चं संकलन) बघण्याचा हक्क, आणि बघितल्यावर काय बदलता येईल याची मर्यादा. या शेवटच्या कलमावरच घोडं पेंड खातं. ‘तथ्याची चूक, तिसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती आणि प्रकृतीला धोका, या तीन कारणांसाठी बदल, बाकी निर्णय दिग्दर्शकाचा’ अशी ओळ बहुतेक वाद टाळते. खेळाडू स्वतः निर्माता असेल किंवा त्याला मानधन दिलं असेल तर तसं पडद्यावर लिहा. मानधनाची मोठी रक्कम एकदम हातात देऊ नका. व्यसनातून बाहेर पडताना अचानक आलेला पैसा हा ओळखीचा धोका आहे. हप्ते पाडा, आणि तेही त्याला विचारून. प्रत्येक मोठ्या मुलाखतीआधी संमती तोंडी पुन्हा विचारा आणि ती रेकॉर्ड करा. नशेत असलेल्या माणसाची संमती ही संमती नसते. तो तशा अवस्थेत आला तर कॅमेरा बंद.

पुन्हा घसरण होऊ शकते हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखा. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेच्या मांडणीनुसार उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोकांमध्ये पुनर्पतन होतं, म्हणजे उच्च रक्तदाब किंवा दमा यांसारख्या जुनाट आजारांच्याच पट्ट्यात. म्हणून आधीच एक पानभर योजना लिहून ठेवा: फोन कोणाला करायचा, युनिटमधलं कोण बोलणार, त्या दिवसाचं फुटेज कोणाच्या ताब्यात कुलूपबंद राहणार, काम पुन्हा सुरू करायचं हे कोण ठरवणार. व्यसन अफूवर्गीय औषधांचं असेल तर युनिटमधल्या दोघांना नालोक्सोन (अशा औषधांच्या अतिमात्रेवरचा उतारा) वापरता आलं पाहिजे. काही काळ व्यसन बंद ठेवलेला माणूस जुन्याच मात्रेकडे परतला की शरीराची सवय गेलेली असते. म्हणूनच जिवाचा धोका तिथे सर्वाधिक असतो. नालोक्सोनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, तेव्हा ते दिल्यावरही रुग्णवाहिका बोलवावीच लागते. आणि दारूवर शारीरिकदृष्ट्या अवलंबून असलेल्या माणसाला ‘शूटिंगपुरती सोड’ असं कधीही सांगू नये. अचानक सोडल्याने झटके येऊ शकतात, डेलिरियम (भ्रम आणि तीव्र गोंधळ) होऊ शकतो. ते सोडवणं डॉक्टरांचं काम.

खेळाडू अजून खेळत असेल तर

इथे बाहेरचे दिग्दर्शक हमखास अडखळतात. उत्तेजक चाचण्यांसाठीच्या नोंदणीकृत गटातल्या खेळाडूला रोज एका ठरावीक ६० मिनिटांसाठी आपला ठावठिकाणा कळवावा लागतो. बारा महिन्यांत तीन वेळा चुकलं, मग ती हुकलेली चाचणी असो वा चुकीची नोंद, तर तो उत्तेजकविरोधी नियमांचा भंग ठरतो. ‘सूर्योदय छान आहे, चला टेकडीवर’ म्हणून त्याला भल्या पहाटे घराबाहेर काढलंत, तर तुमच्या एका शॉटची किंमत तो निलंबनाने मोजू शकतो. कॉल शीटवर (दिवसाच्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकावर) तो तास लाल रंगात टाका.

उपचाराची औषधंही तपासा. अफूवर्गीय व्यसनावर दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन स्पर्धेदरम्यान प्रतिबंधित आहेत. ती चालू असतील तर उपचारासाठीची अधिकृत सवलत लागते. ओढ कमी करणारं नॅलट्रेक्सोन प्रतिबंधित यादीत नाही. वेदनाशामक ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेदरम्यान बंद झालं, त्यामुळे त्याआधीच्या वापराला आजच्या नियमाने ‘डोपिंग’ म्हणणं चूक आहे. २०२१ च्या जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत कोकेन, हेरॉइन, एमडीएमए (एक्स्टसी) आणि टीएचसी (गांजातला नशेचा घटक) यांचा वेगळा गट केला गेला. स्पर्धेबाहेर आणि खेळाशी संबंध नसताना घेतल्याचं खेळाडूने सिद्ध केलं तर बंदी तीन महिन्यांची, आणि मान्य उपचार पूर्ण केले तर ती एका महिन्यावर येऊ शकते. जुन्या निलंबनाबद्दल निवेदन लिहिताना ते कोणत्या वर्षीच्या नियमांनी झालं हे आधी बघा.

भूमिकेचा भाग: फुटेज आणि त्याचे मालक

लोकांना वाटतं, आंदोलनाचा क्षण कुठल्यातरी कॅमेऱ्यात असणारच. पहिला क्षण बहुतेकदा नसतो. अमेरिकन फुटबॉल खेळाडू कॉलिन कॅपरनिक २०१६ च्या ऑगस्टमध्ये सरावसामन्यांआधी राष्ट्रगीताला बसून राहिले, तेव्हा सुरुवातीला कुणाचं लक्षच गेलं नाही. २६ ऑगस्टच्या सामन्यातल्या एका फोटोमुळे बातमी झाली. गुडघ्यावर बसणं तर १ सप्टेंबरला सुरू झालं. तेव्हा शोध प्रसिद्ध दिवसापासून नव्हे, त्याच्या महिनाभर आधीपासून सुरू करा. स्थानिक छायाचित्रकारांचे न छापलेले रोल, प्रेक्षकांचे मोबाइल व्हिडिओ, रेडिओचं समालोचन, प्रतिस्पर्धी संघाच्या विश्लेषकाने काढलेलं फुटेज, इथे सोनं सापडतं.

चित्राची चौकट पूर्ण ठेवा. १६ ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये २०० मीटरच्या पदकमंचावर कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांच्या वर गेलेल्या मुठी सगळ्यांना माहीत असतात. शेजारी ऑस्ट्रेलियाचे पीटर नॉर्मन नुसते उभे दिसतात, पण त्यांच्या छातीवरही तोच मानवी हक्कांचा बिल्ला होता. एकाचा उजवा आणि दुसऱ्याचा डावा हात वर आहे, कारण हातमोज्यांची जोडी एकच होती. फोटो कापून मोठा केला की असे तपशील गळतात आणि मग आंदोलन एका माणसाची लहर वाटू लागते.

मागण्या कागदावर शोधा. त्या बिल्ल्यामागे असलेल्या, कृष्णवर्णीय खेळाडूंच्या १९६८ च्या चळवळीच्या मागण्या ठोस होत्या: अलींचं काढून घेतलेलं विजेतेपद परत द्या, दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियाला (आजचं झिम्बाब्वे) स्पर्धेबाहेर ठेवा, एव्हरी ब्रंडेज यांना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदावरून हटवा, कृष्णवर्णीय प्रशिक्षक वाढवा. तुमच्या खेळाडूच्या मागण्यांचीही अशीच यादी करा आणि प्रत्येकीपुढे काय झालं ते लिहा. यादी हाताशी असली की मुलाखत ‘हिंमत कुठून आली?’ यावर अडकत नाही. ज्यांनी प्रामाणिकपणे विरोध केला त्यांना बोलवा. मनातून सहमत असूनही गप्प बसलेले सहकारी मिळाले तर त्याहून उत्तम. त्यांच्या मुलाखती बऱ्याचदा सगळ्यात बोलक्या निघतात.

आता हक्क. सामन्याच्या एका तुकड्यात कितीतरी मालक असू शकतात: लीग किंवा महासंघ, प्रक्षेपक, समालोचक, मैदानात वाजणाऱ्या गाण्याचे हक्कधारक. परवाना मागताना चार गोष्टी लिहा: किती सेकंद, कोणत्या माध्यमांसाठी, कोणत्या प्रदेशात, किती वर्षं. महोत्सवापुरता स्वस्त परवाना घेऊन नंतर वाढवायचं ठरवलं असेल तर वाढीव दर आजच करारात गोठवा. चित्रपट विकला गेल्यावर तो दर तुमच्या हातात राहत नाही. आणि टीका असलेल्या चित्रपटाला लीग फुटेज नाकारू शकते, हे धरून चाला. संकलन एकाच मालकाच्या फुटेजवर उभं करू नका. ‘न्याय्य वापर’, म्हणजे परवान्याशिवाय थोडा भाग वापरण्याची कायदेशीर मुभा, प्रत्येक देशात वेगळा असतो. वकिलाचं लेखी मत आणि विमा असल्याशिवाय त्यावर भिस्त नको. प्रत्येक तुकड्याला पहिल्या दिवसापासून क्रमांक, स्रोत, टाइमकोड आणि परवान्याची स्थिती असा तक्ता ठेवा. हे काम शेवटी करायला घेतलं तर संकलनाच्या टेबलावर महिने जातात.

मुलाखत

परखड माणसाची अडचण अशी की तो हजारदा बोललेला असतो. उत्तरं गुळगुळीत झालेली असतात. ‘कसं वाटलं?’ विचारलंत की पत्रकार परिषदेतलं वाक्य येणार. त्याऐवजी जागा आणि क्रम विचारा: खोलीत कोण होतं, दार कोणी उघडलं, त्यानंतर पहिला फोन कोणाचा. एखादी वस्तू हातात द्या, नाहीतर आवाज बंद केलेलं फुटेज दाखवून त्यालाच समालोचन करायला सांगा. उत्तर संपलं असं वाटल्यावर पाच सेकंद गप्प बसा. घाईघाईने पुढचा प्रश्न विचारणं हीच मुलाखतकाराची सगळ्यात महागडी सवय.

एक बैठक ९० मिनिटांपेक्षा लांबवू नका. व्यसनाचा विषय दिवसाच्या मध्यात घ्या, रात्री किंवा अगदी शेवटी नको. त्यानंतर निदान वीस मिनिटं खेळाबद्दल साध्या गप्पा रेकॉर्ड करा आणि मगच माइक काढा. त्या संध्याकाळी तो एकटा नाही याची खात्री करा, दुसऱ्या दिवशी फोन करा. काही जण कॅमेऱ्यासमोर आखडतात. त्यांची फक्त आवाजाची मुलाखत घ्या आणि वर जुनं फुटेज वापरा. माणूस बराच मोकळा होतो.

आवाजासाठी कॉलर माइक आणि बूम (दांड्यावरचा माइक) दोन्ही, वेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलण्याची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण चिडलेला माणूस क्षणात वर जातो. फ्रिज आणि पंखा बंद, उठण्याआधी मिनिटभर खोलीची शांतता. स्टेडियमच्या दिव्यांखाली चित्र लुकलुकतं ते विजेच्या वारंवारतेमुळे: ५० हर्ट्झच्या देशात शटर १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२० सेकंद. स्लो मोशन हवं असेल तर आधी त्याच दिव्यांखाली चाचणी घ्या. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने रेकॉर्ड केलं तर तासाला सुमारे ४५ जीबी भरतात, दोन कॅमेऱ्यांचे ९०. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. आणि सगळ्या डिस्क पासवर्डने बंद. हरवलेल्या डिस्कवर कोणाच्यातरी आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष असतं.

व्यसनमुक्ती कशी दाखवायची

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेची सुरुवात १९३५ ची, आणि तिच्या परंपरांमध्ये वृत्तपत्र, रेडिओ, चित्रपट अशा माध्यमांच्या पातळीवर अनामिकता पाळायची असं स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा बैठकीचं चित्रीकरण नाही, लपवलेला माइक तर नाहीच, आणि इतर सदस्यांच्या गोष्टी खेळाडूच्या तोंडूनही नकोत. बैठकीला जाण्याआधीचा आणि नंतरचा तो एकटा माणूस तुम्हाला मिळतो, तेवढा पुरतो. रिकाम्या खुर्च्यांचं वर्तुळ मात्र कृपा करून घेऊ नका.

सुई, पावडरची रेघ, ग्लासात ओतली जाणारी दारू यांचे जवळचे शॉट टाळा. अशा खुणा पाहूनच सोडलेल्या माणसात ओढ जागी होते, आणि प्रेक्षागृहात असे लोक नक्की बसलेले असतात. मात्रा, पद्धत, मिळण्याची जागा यातलं काहीच नको. त्याऐवजी परिणाम दाखवा: न उघडलेली पत्रं, चुकलेल्या सरावांची नोंद, मुलाच्या शाळेतली रिकामी खुर्ची. निवेदनात ‘दारुडा’, ‘गर्दुल्ला’ नकोत. खेळाडू स्वतःबद्दल वापरत असेल तर तो त्याचा हक्क. ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्या माणसाला ‘अजून पूर्ण सुटला नाही’ म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे, ते औषध हाच उपचार आहे.

आणि सावरण्याला वेळ द्या. नव्वद मिनिटांच्या चित्रपटात पडझड चाळीस मिनिटं आणि सावरणं सात, असं प्रमाण फार वेळा दिसतं. कारण पडझडीचं फुटेज भरपूर असतं आणि सावरणं दिसायला कंटाळवाणं. तो कंटाळाच चित्रित करा. रोज ठरलेल्या वेळी उठणं, कर्ज फेडण्याचा तक्ता, ज्यांनी अजून माफ केलेलं नाही त्यांच्याबरोबरचं जेवण.

संकलन आणि प्रदर्शन

दोन शॉट शेजारी ठेवले की प्रेक्षक ‘म्हणून’ हा शब्द स्वतः घालतो. आंदोलनाच्या दृश्यावरून थेट बाटलीवर कट केलात, तर भूमिकेने माणूस बुडवला असं विधान झालं, निवेदनात एक अक्षर नसताना. प्रत्येक अशा सांध्यावर कालपट उघडून बघा. मध्ये आठ महिने असतील तर ते आठ महिने पडद्यावर कळले पाहिजेत. जुन्या टीव्हीचं ४:३ प्रमाणातलं अरुंद चित्र ताणून रुंद करू नका, बाजूला काळ्या पट्ट्या चालतात.

ज्यांच्यावर आरोप आहेत, मग तो संघाचा डॉक्टर असो, व्यवस्थापक असो वा महासंघ, त्यांना नेमके आरोप लिहून पाठवा आणि उत्तराला एक-दोन आठवडे द्या. ‘तुमचं म्हणणं काय?’ असा मोघम ईमेल पुरेसा नाही. उत्तर आलं तर त्यातला गाभा चित्रपटात हवा. शिक्षा न झालेल्या माणसाने ड्रग्ज पुरवले असं नाव घेऊन म्हणायचं असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

रफ कट खेळाडूला पहिल्यांदा एकट्यात दाखवा, बरोबर त्याचा विश्वासू माणूस, आणि थांबवण्याचं बटण त्याच्याच हातात. भरलेल्या सभागृहात पहिल्यांदा दाखवून त्याची प्रतिक्रिया टिपणं हा क्रूर प्रकार आहे. ट्रेलरमध्ये सगळ्यात वाईट क्षण घालायचा मोह वितरकाला होतो. ट्रेलरला मान्यता लागेल हे कलम करारात आधीच टाका. प्रीमियरला दारूची कंपनी प्रायोजक नको, सट्टेबाजीची तर नकोच, आणि नंतरच्या समारंभात बार नको. प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ठेवलात तर सूत्रधाराला वर्ज्य विषयांची यादी द्या आणि खेळाडूला मध्येच उठून जाण्याची मोकळीक ठेवा.

शेवटच्या पाटीवर ‘आज तो व्यसनमुक्त आहे’ असं लिहू नका. ‘चित्रीकरण संपलं तेव्हा तो इतके महिने व्यसनमुक्त होता’ असं लिहा, महिन्यासह. प्रदर्शनाच्या आठवड्यात काही बिघडलं तर माध्यमांशी कोण बोलेल आणि ती दोन वाक्यं कोणती असतील, हे खेळाडूबरोबर बसून आधी ठरवा आणि त्या कागदाची एक प्रत वितरकाकडेही द्या.